मीठ खाणारं झाड

नोनीचं नाव कुणी काढलं की माझं डोकं फिरतं. परवा स्टाफरूममध्ये एका बाईंनी गुडघ्यांसाठी नोनीचा रस सुरू केल्याचं सांगितलं आणि मी डबा अर्धा टाकून उठले. त्या बिचाऱ्यांचं काही चुकलं नव्हतं. पण मी सोलापुरात बावीस वर्षं विज्ञान शिकवते, आणि माझ्याच वडिलांच्या बाबतीत मी जे केलं ते माझ्या वर्गातल्या सातवीच्या पोरानंही केलं नसतं.

आमचं शेत करमाळ्याच्या बाजूला. कॅनॉल आला, मागोमाग ऊस आला, आणि पाणी द्यायचं म्हणजे तुंबवायचंच असा सगळ्या गावाचा खाक्या झाला. शेवटी आमच्या खालच्या तुकड्याला मीठ फुटलं. उन्हाळ्यात वर पांढरा थर, पावसाळ्यात चिकट राडा. ज्वारीसुद्धा उगवेना. पाणी कमी द्या, चर काढा, असं मी अण्णांना, म्हणजे वडिलांना, किती वर्षं सांगत होते. "पाण्यानं कुटं जमीन मरती व्हय?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर. त्या हट्टाचाही मला राग आहे, पण तो राहू दे.

नोनी मीच नेली. रोपवाटिकेतला माणूस म्हणाला, हे मूळचं समुद्रकाठचं झाड, खाऱ्या जमिनीला दबत नाही. मी अण्णांना जाऊन सांगितलं, "हे झाड मीठ खातं." खरं तर ते मीठ सहन करतं. खाणं वेगळं आणि सहन करणं वेगळं, हे मला चांगलं माहीत होतं. पण अण्णांना असं पुस्तकी बोललं की ते उठून गोठ्यात जातात. म्हणून पोरांना सांगते तसं सोपं करून सांगितलं. सोपं करून सांगण्याची मला फार हौस.

झाडं मात्र झकास लागली. अण्णांनी उंच वरंबे केले, शेणखत घातलं, विहिरीचं गोडं पाणी बादलीनं नेऊन घातलं आणि पहिला उन्हाळा पाचटाची सावली धरली. पुढे त्या पांढऱ्या रानात ती हिरवीगार पानं बघायला लोक यायचे. फळ बटाट्याएवढं, अंगभर डोळे असलेलं. हिरवं असताना दगड, पिकलं की मेणचट पांढरं आणि मऊ. वास असा, की घरात घूस मेली म्हणून आईनं सगळी कणगी हलवली होती.

मग आई मोबाइलवर बघून रस करायला शिकली. पिकली फळं लोणच्याच्या बरणीत भरायची, तोंड बांधायचं आणि बरणी दोन महिने माळवदावर उन्हात ठेवायची. रस आपोआप सुटतो. तो फडक्यातून गाळून बाटलीत. कुणाच्या गुडघ्याला, कुणाच्या शुगरला, आई वाटत सुटली. मला गंमत वाटायची. गंमत.

अण्णांच्या किडन्या तोवर थकल्या होत्या. डॉक्टरांनी पथ्याची मोठी यादी दिली होती. मीठ अगदी कमी, नारळपाणी बंद, केळं बंद, फळांचे रस बंद. पण घरात मीठ तेवढं लक्षात राहिलं, कारण जेवण अळणी झालं. पायाला सूज आली की आई म्हणायची, "अंगात पाणी तुंबलंय." रानाला लावायचा तोच शब्द. मग दोघांनी मिळून हिशेब जुळवला, की जे झाड रानातलं मीठ खातं ते अंगातलं का खाणार नाही? शेजारीपाजारीही माना डोलावू लागले. अशा वेळी गावात एकजण शहाणा निघत नाही.

अण्णांनी तरी मला फोन केला. मी चाचणीचे पेपर तपासत होते, लाल पेन हातात. त्यांनी विचारलं, "त्यो रस घिऊ का गं थोडा?" मी म्हणाले, "घ्या की. झाडपाल्यानं काय होतंय?" आणि पुढचा पेपर ओढला. पथ्याची ती यादी माझ्या स्वयंपाकघरात फ्रिजवर चिकटवलेली होती, माझ्याच अक्षरात. खुर्चीतून उठून चार पावलं टाकली असती तरी पुरलं असतं.

तीन आठवड्यांनी अण्णा गोठ्यात कोसळले. सोलापूरला आणलं तेव्हा छातीचे ठोके कसेही पडत होते. नवीन काही खाल्लं-प्यायलं का, असं डॉक्टरांनी विचारलं तर आईनं पिशवीतून बाटली काढली. दवाखान्यात खाडा नको म्हणून ती बरोबर घेऊन आली होती. या रसात पोटॅशियम खच्चून असतं, थकलेल्या किडन्यांना ते बाहेर टाकता येत नाही आणि मग ते हृदयाला धरतं, असं डॉक्टरांनी समजावून सांगितलं. नंतर मला विचारलं, "तुम्ही काय करता?" मी शिक्षिका आहे एवढंच सांगितलं. विषय सांगितला नाही.

अण्णा वाचले. आता माझ्याकडेच असतात आणि आठवड्यातून दोनदा डायलिसिस. मध्ये एकदा नवी पेठेत एका दुकानात नोनीच्या बाटल्या दिसल्या, वर किडनीचं चित्र. मी गिऱ्हाइकांसमोर दुकानदाराला फाडून खाल्लं. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, झाडपाला हाय की. त्यानं काय होतंय?" मी तशीच रिक्षात बसून घरी आले.

गेल्या महिन्यात डायलिसिस नसलेल्या दिवशी अण्णांना घेऊन गावी गेले आणि कुऱ्हाडवाला बोलावला. अण्णा बांधावर बसले होते.

"झाडाला कशाला हात लावती?" ते म्हणाले. "त्ये काय बोललं व्हतं व्हय?"

"मग कोण बोललं? मी बोलले ना? मग म्हणा की तसं. वर्ष झालं, एक शब्द बोलला नाहीत मला."

अण्णा पाय चोळू लागले. पाय पुन्हा सुजले होते.

"शेजारचा रोज म्हणायचा, पी म्हणून. तुजी आई म्हणायची. लई घाण वास त्याचा, मी कुणाचं ऐकलं न्हाय. तू म्हणलीस, मग नाक धरून पिलो."

कुऱ्हाडवाला माझ्याकडे बघत उभा होता. तोडू का, असं त्यानं दोनदा विचारलं. हो म्हणायचं की नाही म्हणायचं, तोंडातून एक शब्द काढायची माझी हिंमत होईना.