काय करत नाही, तेही लिहायचं

ऑफिसात त्याला सगळे चाळणी म्हणत. तोंडावर नाही, पण त्याला ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. कंपनी दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवायची. रक्ताच्या, लघवीच्या तपासण्यांचे रिपोर्ट त्यातून जायचे. कोणीही लिहिलेला कोड याच्या नजरेखालून गेल्याशिवाय बाहेर पडत नसे. बावन्न वर्षांचा माणूस चष्मा कपाळावर चढवून, पडद्याला नाक लावून, ओठ हलवत एकेक ओळ वाचायचा. मागून कोणीतरी हळूच म्हणायचं, "झाली पोथी सुरू!"

कोड लिहून देणारं यंत्र कंपनीत आलं तेव्हा सगळे खूश झाले आणि याच्या कपाळावर आठी पडली. "लिहिणाऱ्यालाच जे कळलेलं नाही, त्यावर मी कशाच्या जोरावर सही करू?" असं तो साहेबांना विचारायचा. विचारणं काही चुकीचं नव्हतं. पहिल्याच महिन्यात यंत्राने लिहिलेल्या एका तुकड्याने एकाच नावाच्या आणि एकाच जन्मतारखेच्या दोन पेशंटचे रिपोर्ट एकत्र करून टाकले. ऑफिसातल्या चाचणीतच यानं ते पकडलं म्हणून निभावलं. मग साहेबांच्या मागे लागून त्याने नियमच करून घेतला. यंत्राने लिहिलेलं असेल तर वर तसं लिहायचं. लपवलं तर नोंद होणार, आणि ती नोंद कोणालाही पुसता येणार नाही.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. इथवर ठीक आहे. पण हा गृहस्थ समोर ठेवलेल्या पाण्यालाही फुंकर मारायला लागला.

त्याच सुमारास ताई कामावर परत आली. रिपोर्टचा विभाग ती सांभाळायची आणि वयानं लहान-मोठे सगळेच तिला ताई म्हणत. पंधरा वर्षांपूर्वी ती नवीन लागली तेव्हा काम शिकवायला यालाच नेमलं होतं. वडिलांच्या आजारपणात सहा महिने रजेवर होती. वडील गेले, पंधरा दिवसांनी ती हजर झाली. पहिलंच काम मिळालं ते किती तास जुना नमुना तपासायला चालेल हे ठरवणाऱ्या भागाचं.

तिचा कोड त्याने बैठकीत, सात जणांसमोर पडद्यावर लावला.

"हे कोणी लिहिलं?"

"मी, सर."

"तू, की यंत्रानं?"

"मीच लिहिलंय. अकरा दिवस लागले."

"प्रत्येक फंक्शनवर टिपण, ते काय करत नाही हेसुद्धा लिहिलेलं, कुठे खाडाखोड नाही, कुठे घाई नाही. माणूस इतका शहाण्यासारखा वागत नाही, ताई. खरं सांग, कोणी खाणार नाही तुला."

कोणीतरी हसलं. ताईने त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं, काहीतरी आठवण करून द्यावी तसं. मग म्हणाली, "तुम्हाला तसं वाटत असेल तर काय बोलू, सर," आणि लॅपटॉप मिटला.

याने ती कबुलीच समजली. नोंद केली: लेखक संशयास्पद, यंत्राचा वापर लपवला असावा. जेवताना बायकोला हे मोठ्या तोऱ्यात सांगितलं. ती शाळेत शिकवते, रोज चाळीस वह्या बघते.

"खात्री होती की संशय होता?" तिने विचारलं.

"अगं, वाचलं की कळतं."

"मलाही असंच वाटायचं, पहिली दोन वर्षं," ती म्हणाली आणि ताटं उचलायला लागली.

साहेबांनी ताईकडून रिपोर्टचा विभाग काढून घेतला. तिसऱ्या आठवड्यात तिने राजीनामा दिला. निघताना सगळ्यांशी बोलली, याच्याकडे बघून नुसती मान हलवली. तिचा कोड बाजूला पडला. तेच काम दुसऱ्याने यंत्राकडून करून घेतलं आणि वर नियमाप्रमाणे तसं लिहिलं. याने त्यातल्या तेवीस चुका दुरुस्त करवून घेतल्या आणि सही केली. पाटी लावलेली होती, म्हणून चाळणीतून गेलं.

चार महिन्यांनी, दुपारी, सॉफ्टवेअरचा अगदी जुना भाग उघडायची वेळ आली. कित्येक वर्षांत तिथे कोणी हात लावला नव्हता. तो ओठ हलवत वाचू लागला. हे फंक्शन नमुन्याचा क्रमांक तपासतं. पेशंटचं नाव तपासत नाही. पुढचं फंक्शन तारीख तपासतं. वेळ तपासत नाही. सगळीकडे तीच नीटनेटकी टिपणं.

"इथेही शिरलं का हे भूत!" तो एवढ्या मोठ्याने ओरडला की शेजारच्याने कानातले इअरफोन काढले.

कोणाचा प्रताप आहे ते बघायला त्याने नाव आणि तारीख काढली. तारीख सतरा वर्षांपूर्वीची होती. तेव्हा असलं यंत्र कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. नाव त्याचं स्वतःचं होतं.

त्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला. आता सगळं आठवलं. नव्या लागलेल्या ताईला पहिल्याच आठवड्यात आपणच ऐटीत सांगितलं होतं: "काय करतं ते कोणीही लिहील. काय करत नाही, तेही लिहायचं. म्हणजे पुढचा माणूस फसत नाही." तिने ते वहीत उतरवून घेतलं होतं. नंतर तो दुसऱ्यांच्या चुका काढण्यात इतका गुंतला की स्वतः टिपणं लिहायचं कधी सोडलं, त्यालाही कळलं नाही. तिने मात्र सोडलं नव्हतं. त्याला लाज वाटली.

जिन्यात जाऊन त्याने फोन लावला.

"ताई, तो कोड तूच लिहिला होतास."

"हो, सर."

"मग तेव्हाच का नाही म्हणालीस, की तुम्हीच असं शिकवलंय?"

"मला वाटलं, तुम्हाला आठवेल."

तो म्हणाला, "माझं चुकलं. फार चुकलं. परत येशील का? मी साहेबांशी बोलतो."

"नको, सर. इथे बरं चाललंय. इथे मी यंत्राकडूनच लिहून घेते. अकरा दिवसांचं काम दुपारपर्यंत होतं, आणि कोणी काही विचारत नाही."

"आणि टिपणं?"

"तीही तेच लिहितं." मग म्हणाली, "वाचत नाही मी आता."

जागेवर येऊन त्याने ती जुनी नोंद उघडली. पुसायची सोय नव्हती, त्यानेच ठेवू दिली नव्हती. खाली भर घालता येत होती. त्याने लिहिलं: हा कोड तिनेच लिहिला आहे, मी शिकवलं तसा. चूक तपासणाऱ्याची. खाली आपलं नाव घातलं आणि बटण दाबलं.

नोंदीत बदल झाला की तो लेखकाला आपोआप कळवला जातो. क्षणभराने पडद्यावर उत्तर आलं: लेखकाला कळवता आलं नाही, खातं बंद आहे.