नवलाईच्या कपाटाला जात चिकटवू नका

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी बुलडाण्यात, शाळेत तासावर होते. "पोरी, आपला सुगत गेला..." बाबा एवढंच बोलू शकले. छातीत कळ आली आणि अकोल्याला नेईपर्यंत संपलं. संध्याकाळी सोनाळ्याला घरी पोचले, अंगणात माणसं बसलेली, आणि माझ्या मोबाइलवर शहरातल्या एका कलासंस्थेचा शोकसंदेश: 'पिढीजात कातडीकामाचा वारसा कलेत नेणारा कलावंत हरपला.' महिना उलटला, अजून रडू मागे आणि राग पुढे, असंच चाललंय. म्हणून लिहिते.

वारसा कुठला हो? मेलेलं ढोर ओढणं आमच्या आजोबांनी धम्म घेतला तेव्हाच सोडलं. गावानं वाळीत टाकलं, तरी पुन्हा हात लावला नाही. बाबा गवंडी झाले. आमच्या घरातून कॉलेजात गेलेले पहिले आम्ही दोघं, दादा आणि मी. अमरावतीला चित्रकला शिकताना त्याला ग्रंथालयात एक जुनं चित्रांचं पुस्तक सापडलं. शेकडो वर्षांपूर्वी युरोपातले राजे-सरदार शंख, शिंगं, पेंढा भरलेले पक्षी, जगभरातलं जे जे अजब ते एका कपाटात मांडायचे आणि पाहुण्यांना थक्क करायचे. दादा त्या चित्रांनी वेडा झाला. एका सरांच्या मागे लागून लागून तो मेलेल्या प्राण्यांची कातडी टिकवायला, त्यांना पुन्हा उभं करायला शिकला.

पहिल्यांदा घरी मेलेला कोंबडा घेऊन आला तेव्हा बाबांचा आवाज अख्ख्या आळीनं ऐकला. "काऊन रे, याच्यासाठी शिकवलं तुले? माह्या बापानं जे सोडलं, ते तू शौक म्हणून करून राह्यला?" दादा शांत होता. म्हणाला, "बाबा, आजाले करा लागत होतं. मले आवडते म्हणून मी करतो. उद्या नाही आवडलं तं सोडून देईन. आजाले सोडता येत होतं काय?" बाबा उठून गेले. पुढे कितीतरी वर्षं त्याच्या खोलीत त्यांनी पाय ठेवला नाही.

त्याच खोलीत ते काचेचं कपाट भरत गेलं. रानातल्या जिवाला तो हात लावत नसे, कायदा आहे. आपोआप मेलेली कोंबडी, बदकं, ससे, असे पाळीव जीव एवढंच. मोत्यांची माळ घातलेला गावठी कोंबडा. घड्याळाच्या पेटीतून डोकावणारा ससा. आणि दोन तोंडांचं करडू! मेलेलंच जन्मलं होतं, मालक अपशकुन म्हणून पुरायला निघाला होता, दादानं मागून आणलं आणि लाल मखमलीवर असं बसवलं, की जणू दरबार भरवलाय. शेजारच्या काकू बघून म्हणाल्या, "एकाले चारा देला तं दुसरं रुसंल रे!" दादा म्हणाला, "म्हणून तं दोघाइले उपाशी ठेवलं, काकू."

शहरात प्रदर्शन लागलं तेव्हा कपाटाखाली चिठ्ठी होती: 'परंपरागत कौशल्य.' दादानं आयोजक बाईंना विचारलं, "शेजारच्या चित्रकाराचे आजोबा काय करायचे, ते का नाही लिहिलं?" बाई गोड हसल्या. "अहो, त्यातच तर तुमचं वेगळेपण आहे." आजोबांनी जे पाठीवरून उतरवलं, ते यांनी हसत हसत नातवाच्या पाठीवर ठेवलं... आणि वर कौतुक केल्याचा आव! 

मागच्या आठवड्यात त्याच संस्थेची माणसं घरी आली. दादाच्या स्मरणार्थ प्रदर्शन करायचंय, कपाट द्या म्हणाली. चहा झाला. मग फोटोवाल्यानं बाबांना दादाची कातडं सोलायची सुरी हातात घेऊन कपाटासमोर बसायला सांगितलं. "पिढ्यांची साखळी दिसेल, काका." माझं डोकं फिरलं, पण माझ्या आधी बाबा बोलले. "मी गवंडी हावो. थापी आणू काय?"

 मी सांगून टाकलं, कपाट जाईल ते माझ्या मजकुरासह जाईल: सुगतचं नाव, त्याचं शिक्षण, आणि हे त्यानं आवडीनं केलं, एवढंच. कळवतो म्हणाले. कळवलेलं नाही. न कळवोत.

बाबा आता दादाच्या खोलीत झोपतात. कुणी आलं आणि कपाटासमोर थबकून विचारलं, "हे कोणं केलं हो?", की सांगतात, "माह्या पोरानं. आर्टिस्ट होता."

चिठ्ठीवर एवढंच लिहायचं होतं.