हिरवा चौकोन

आधीच सांगून ठेवतो — हे वाचून कोणी मला लिंबू-मिरची सुचवू नका. बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेलं घर आमचं. भूत, अंगात येणं, असल्या गोष्टी बाबांनी कधी उंबऱ्याच्या आत येऊ दिल्या नाहीत. मी त्यांचाच पोरगा. शिवाय बुटीबोरीला सूतगिरणीत क्वालिटी तपासायचं काम. दोरा भिंगाखाली धरल्याशिवाय 'पास' म्हणत नाही. तरी मागच्या हिवाळ्यात जे झालं ते लिहितोय, कारण ते मनातून जातच नाही.

बाबा अचानक गेले तेव्हा घरात त्यांचा एकही धड फोटो नव्हता. घाईघाईत आम्ही ओळखपत्रावरचा एवढासा फोटो मोठा करून आणला, हार घातला, समोर मेणबत्त्या लावल्या. आई बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "हे कोन होय गा? यांचं नाक असं होतं का?"

चाळीस वर्षांचा संसार... आणि नवऱ्याचा चेहरा तिला फोटोत सापडेना. मला इतकी लाज वाटली की सांगायची सोय नाही.

वर्षभरात आईचंच दुखणं वाढलं. डॉक्टरांनी बाजूला घेऊन सांगितलं, आता फार दिवस नाहीत. तिलाही कळलं होतं. एक दिवस म्हणाली, "माझा तरी नीट काढ बाबू. नाकडोये दिसले पाह्यजे. नाही त नातवंडं म्हनतीन, कोनाची बुढी टांगून ठेवली!" आम्ही सगळे हसलो. मग मी न्हाणीत जाऊन रडलो.

अडचण अशी, की तिच्या डोळ्यांना उजेड सोसत नव्हता. खोलीला दिवसाही जाड पडदे, कोपऱ्यात एक झिरोचा बल्ब. फ्लॅशचं तर नावच नको. मोबाईलने काढला, तर तो अंधारातला चेहरा घासूनपुसून गुळगुळीत करतो — सुरकुत्या गायब, गोंदण गायब. आईने बघितला न् म्हणाली, "ही मी नोहो." म्हणून कपाटातला जुना, खिशात मावणारा डिजिटल कॅमेरा काढला, त्याला नवी बॅटरी आणली.

तो बिचारा प्रामाणिक, पण अंधारात आंधळा. बटण अर्धं दाबलं की लेन्स घर्र-घर्र पुढेमागे होणार आणि स्क्रीनवरचा चौकोन पिवळाच राहणार. फोकस लागला तरच तो हिरवा होतो. फोकस शोधायला मदत म्हणून पुढे एक लाल दिवा लागतो, तोही आईसाठी बंद ठेवला होता. शेवटी एक युक्ती काढली. पलंगासमोर स्टूल, त्यावर तुरीच्या डाळीची पिशवी, त्यावर कॅमेरा. माझी बायको वैशाली मोबाईलचा स्क्रीन अगदी मंद करून आईच्या डाव्या खांद्याशी, पदराच्या काठावर धरायची. चौकोन हिरवा झाला की बटण तसंच अर्धं दाबून ठेवायचं, तिने उजेड काढायचा, मग पूर्ण दाबायचं. शटर सेकंदभर उघडं राहायचं. तेवढ्यात आई श्वास घेणार, पापणी लवणार... गेला फोटो! चार दिवस रोज दुपारी हेच. सगळे हललेले.

पाचव्या दिवशी आई म्हणाली, "पुरे आता. थकली मी."

"एक डाव, आई. हा शेवटचा."

स्क्रीनला डोळे लावून वाकलो. लेन्स घर्र-घर्र. चौकोन पिवळा. मान न वळवताच म्हटलं, "वैशाली, उजेड धर वं."

आईच्या डाव्या खांद्यावर उजेड आला. मोबाईलचा निळसर असतो तसा नाही — पिवळट, मऊ. क्षणात चौकोन हिरवा झाला. "काढ," म्हटलं. उजेड गेला. मी बटण पूर्ण दाबलं. आई हलली नाही. पापणीसुद्धा नाही.

फोटो मोठा करून बघितला. कपाळावरचं गोंदण, भुवईतले पांढरे केस, एकेक सुरकुती स्पष्ट... मी आनंदाने ओरडलोच, "वैशाली, जमलं!"

उत्तर आलं अंगणातून. ती फाटक लावत होती, हातात दुधाची पिशवी. "काय जमलं? मी त दुकानात गेली होती, तुमाले सांगूनच गेली ना!"

घरात आम्ही दोघंच होतो, आई न् मी. आईला विचारलं, "उजेड कोनं धरला, आई?"

"हे होते ना," ती अगदी सहज म्हणाली. "म्हने, एवढी डाव पापनी नको हालवू वं."

आई बाबांना आयुष्यभर 'हे'च म्हणत आली. नाव तिने कधी घेतलं नाही.

आजारी माणूस आहे, भास होतो, मान्य. पण भास कॅमेऱ्याला होतो का? नंतर त्याच वेळी, त्याच पडद्यांत, त्याच सेटिंगवर, मोबाईल न धरता कितीदा तरी करून पाहिलं. बाहेरून एखाद्या गाडीचा उजेड आला असेल म्हणावं, तर त्या बाजूची भिंत शेजाऱ्याच्या भिंतीला लागून आहे. चौकोन एकदाही हिरवा झाला नाही. आणि बाबा असते, तर हे सगळं ऐकून त्यांनीच मला पहिलं वेड्यात काढलं असतं.

तीन आठवड्यांनी आई गेली. शांत गेली. फोटो मांडला तेव्हा आलेल्या बाया म्हणाल्या, "आता बोलीन अशी वाटते!"

त्यांच्या लक्षात आलं नाही ते मला रोज दिसतं. आई कॅमेऱ्याकडे बघतच नाहीये. तिची नजर डावीकडे, जराशी वर आहे — बाजूला उभ्या माणसाच्या तोंडाकडे बघावं तशी. आणि ती लाजून राहिली आहे. पासष्टीची, आजाराने वाळलेली बाई, नव्या नवरीसारखी! पोराकडे बघून कोणती आई अशी लाजते?

याचं स्पष्टीकरण माझ्याकडे तेव्हा नव्हतं, आजही नाही. एवढा सुरेख फोटो कोणी काढला, म्हणून लोक विचारतात. मी सांगतो, बटण मी दाबलं.