पठारावरची निंदणी

चिखलदऱ्याला जाऊ नका, असंच सांगणार होतो. पण लोक विचारतात, म्हणून लिहितो.

आमच्या घरच्यांना, म्हणजे बायकोला, आषाढातलं एक पांढरं फूल पाहायचं होतं. जमिनीला चिकटलेलं एकच गोल पान, मधून देठ, वर फूल. हिचं माहेर चिखलदऱ्याच्या पायथ्याशी, लहानपणी बकऱ्या चारताना पाहिलेलं. आता गुडघे वाकत नाहीत, तर म्हणे, "पाय चालून राहिले तवरक दाखवा."

आमच्या वलगावहून एसटीने परतवाडा. खिडकी लागेना, सगळं पाणी माझ्याच मांडीवर. अकोल्याकडच्यांनी दर्यापूरवरून यावं. तिकडच्या खाऱ्या जमिनीच्या खारपाण पट्ट्यात बाभळीशिवाय फार काही दिसत नाही, झोपून घ्या. आमच्या काळ्या मातीत तरोटा अन् केना, ही तणं. परतवाड्यापुढे पळस, मग साग, अन् घाटात झुडपांवर चढलेली लालपिवळी कळलावी. ही प्रत्येक वळणावर बोट दाखवे, मी दरी पाहून डोळे मिटे. जेवण परतवाड्यातच उरका. वर धुकं अन् भाजलेली कणसं, एवढंच.

कणीसवालीला फुलाचं विचारलं. ती म्हणाली, "बाबाजी, इथं लोक सेल्फी काढाले येतात. फुलं कोन पाह्यते?"

दुपारपर्यंत पठारावर हिंडलो. हिला वाकता येईना, मला दिसेना. शेवटी ओल्या गवतात बसलो अन् बस चुकणार म्हणून कटकट सुरू केली.

"अवो, हातात काय हाय तुमच्या?"

जन्मभर कपाशी निंदली. खाली बसलो की हात आपोआप तण उपटतो. मुठीत गवत होतं, अन् त्यात ते एक पान, पांढरं फूल, खाली बारका कंद.

"देवा! साऱ्या डोंगरात एक सापडलं, तेबी निंदलं!"

तिने ते घेतलं, डोळ्यांजवळ नेलं, वास घेतला. मग म्हणाली, "लावा आता. जसं होतं तसं."

बोटाने माती उकरून कंद पुरला. बस चुकलीच. काळीपिवळी जीपचं भाडं बसण्याआधी ठरवा.

आता ही साऱ्या वलगावला सांगून राहिली. मला वेगळाच घोर. लागलं असेल का? पाऊस पडला तर सडेल, उघडला तर वाळेल.

काल वावरात बसलो, हात गेला.

"थांबा," ही वावराच्या कडेच्या धुऱ्यावरून ओरडली, "आधी पाहा, मंग उपटा!"

पाहिलं. निळं फूल, केनाच होता. उपटला. या वेगाने वावर निंदलं तर दिवाळी उजाडेल.