पंडितच्या गळ्याची आण

माझ्या धाकट्या जावेला, कोकिळेला, गावातल्या बाया अजून नावं ठेवतात. नवऱ्याचं शेवटचं तोंडसुद्धा पाहिलं नाही म्हणे. त्यांच्या जिभेला हाड नाही आणि मला ऐकून घ्यायची सवय नाही. मी सातवी शिकलेली, म्हणून लिहून काढते. कोकिळेला वाचता येत नाही, ते एका परीनं बरंच आहे.

तिचा नवरा पंडित, माझा दीर. राणीसावरगावात आमची कोरडवाहू जमीन. तिच्यावर दोन घरं भागत नव्हती, म्हणून दिवाळी झाली की ही दोघं ऊसतोडीला दूरच्या कारखान्यावर जायची. पंडित अंगानं दांडगा. उसाची मोळी डोक्यावर घेऊन तो फळीवरून ट्रकात चढायला लागला की टोळीतली माणसं हातातले कोयते थांबवून बघत. बायकोपुढे मात्र हाच गडी लाजायचा.

नामांतराच्या दंगलीला पाच-सहा वर्षं झाली असतील. त्या हंगामात फळीवरून पाय घसरला आणि त्याची कंबर धरली. टोळीच्या कोप्या होत्या त्या तळावर सायकलीवरून एक डॉक्टर यायचा. कुठं शिकला ते त्यालाच ठाऊक. त्यानं एक सुई टोचली आणि दुखणं बसल्या जागी पळालं, वर डोकंही हलकं झालं. आपल्या माणसांचा गोळीवर विश्वास नसतोच, सुई टोचल्याशिवाय डॉक्टर हा डॉक्टर वाटत नाही. पंडित रोज सुई घ्यायला लागला. मग काचेची पिचकारी आणि औषधाच्या बाटल्या त्याच्याकडूनच विकत घेतल्या आणि स्वतःच पायाच्या शिरेत टोचायला लागला. कंबर बरी झाली, सुई काही सुटली नाही.

गावी परतल्यावर कोकिळेनं त्याला गोठ्यामागं पकडलं. सुई उकळणं तर लांबच, बैलांच्या हौदातल्या पाण्यात विसळून घेत होता. ती रडली, भांडली. त्यानं तिचा हात धरून आपल्या गळ्यावर ठेवला.

"माझ्या गळ्याची आन हाय तुला. कुनापाशी बोललीस तर माझं मेलेलं तोंड बघशील."

थोरल्या भावाला कळेल, मुकादम टोळीतून काढील, हीच त्याची भीती. आमच्याकडं आण म्हणजे पोरखेळ नसतो. मोडली तर ज्याच्या गळ्याची असेल त्याचा जीव जातो. आणि ती सोडवायची तर ज्यानं घातली त्यानंच "सुटली" म्हणायचं, दुसऱ्या कुणाचं चालत नाही.

उन्हाळ्यात त्याला ताप आला. हुडहुडी भरायची, गोधड्यांवर गोधड्या टाकल्या तरी दात वाजायचे, मग घामानं अंथरूण भिजायचं. हिवतापवाल्यानं बोटातून रक्त नेलं, गोळ्या दिल्या. ताप हटेना. भिंत धरून चालतानाही धाप लागायला लागली, तेव्हा आम्ही त्याला परभणीला नेलं.

दवाखान्यातला डॉक्टर तरुण, पण मन लावून तपासणारा. छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि त्यानं विचारलं, "हे स्वतःच्या हातानं सुई वगैरे टोचून घेतात का?"

कोकिळेनं मान हलवली, नाही. मला तेव्हा यातलं काहीच ठाऊक नव्हतं, वर मीच ठसक्यात म्हणाले, "आमच्या घरात तसलं काई न्हाई, सायब." पायावर खुणा होत्या. पण ऊस तोडणाऱ्याचे पाय पाचटानं कापलेलेच असतात, त्यात त्या कुणाला दिसणार? डॉक्टरनं टायफाइडचं औषध सुरू केलं.

पंडित तापात बरळायला लागला, बैलांना हाका मारायला लागला. कोकिळा त्याच्या कानाला तोंड लावून सारखी म्हणायची, "सुटली म्हना. येकदाच सुटली म्हना की ओ." मला वाटलं, पोरीचं डोकं फिरलं. काय सुटली म्हणून विचारलं तर पुन्हा त्याच्याच कानाशी वाकायची. आणि त्याला बायको ओळखू येत नव्हती, तिथं आण कुठली आठवणार.

शेवटी एका सकाळी तिनं नवऱ्याच्या पायांवर डोकं ठेवलं आणि डॉक्टरपुढं जाऊन सगळं सांगितलं. सुईवाटे जंतू रक्तात गेले आणि हृदयाच्या झडपेवर बसले, असं डॉक्टर म्हणाला. त्यानं औषध बदललं. ती खाटेकडं गेल्यावर मला हळू आवाजात म्हणाला, "आल्या दिवशीच कळलं असतं तर वाचवता आलं असतं, बाई."

दुसऱ्या दिवशी ताप जरा उतरला. पंडितनं चहाचे दोन घोट घेतले आणि मला हायसं वाटलं. दुपारी श्वास अडकला आणि तो गेला.

अंगणात त्याला ठेवल्यावर बाया म्हणाल्या, तोंड बघून घे. कोकिळेनं पदर डोळ्यांवर ओढला तो शेवटपर्यंत काढलाच नाही.

तेराव्यानंतर तिनं मला आणेचं सांगितलं. "मी बोलले, आक्का. म्हनून गेले." मी तिला जवळ घेतलं.

"येडी का खुळी तू? आनेनं मानूस मरत न्हाई. डॉक्टर म्हनला, आधी कळलं असतं तर..."

आणि जीभ चावली.

तिनं मान वर केली. "आधी कळलं असतं तर काय, आक्का?"

"काई न्हाई," मी म्हणाले. "आन त्यानं घातली व्हती. तुझ्या हातात काय व्हतं?"

तिनं मान डोलावली. आपण बोललो म्हणून तो गेला असं ती आजही समजते, आणि मी तिला तसंच समजू देते.