मावशीच्या बोलण्याला किती जीबी

माझी मावशी आईहून चार वर्षांनी मोठी. लहानपणी तापात तिचं ऐकणं गेलं आणि त्यासोबत बोलणंही. मुंबईतल्या कर्णबधिर मुलींच्या शाळेत, तिथल्याच वसतिगृहात राहून ती शिकली. लग्न झालं नाही. कांजूरमार्गच्या आमच्या दोन खोल्यांत ती माझ्या जन्माआधीपासून राहते, आणि भांडुपच्या एका कपड्यांच्या कारखान्यात तिने सगळं आयुष्य काज-बटणं केली.

घरात तिच्याशी बोलायला आमच्या खुणा ठरलेल्या होत्या. जेवलीस का, पाणी आलं, डॉक्टरकडे जायचंय, पाहुणे येणार आहेत, उशीर झाला. अशा चाळीसएक असतील. मावशीचं बोलणं एवढंच, असं मी धरून चालले होते. ती शांत स्वभावाची आहे, असंही आम्ही सगळे म्हणायचो.

तिने काम सोडलं तेव्हा मी माझा जुना फोन तिला दिला आणि त्यात नवं सिम घातलं, सर्वांत स्वस्त पॅकचं. दिवसाला एक जीबी. हिला कशाला जास्त लागतंय, असा माझा हिशोब. महिन्याभरात शाळेतल्या कुणीतरी तिला जुन्या विद्यार्थिनींच्या ग्रुपमध्ये घेतलं आणि तिथे तिला वसतिगृहातली मैत्रीण सापडली. ही मैत्रीण लग्न होऊन अकोल्याला गेली होती. पस्तीस वर्षांत दोघींची गाठ पडली नव्हती.

पहिला व्हिडिओ कॉल झाला रविवारी दुपारी. मी शेजारीच मेथी निवडत बसले होते. मावशीने फोन पिठाच्या डब्याला टेकवून उभा केला, कारण तिला दोन्ही हात मोकळे हवे होते. पलीकडे एक पिकल्या केसांची बाई दिसली. मग मावशीचे हात सुरू झाले.

असे हात मी कधी पाहिलेच नव्हते. बोटं इतकी भरभर चालत होती की मला एकही शब्द धरता येईना. भुवया, खांदे, गाल, सगळं बोलत होतं. ती कुणाचीतरी नक्कल करत होती, बहुधा एखाद्या कडक बाईंची, आणि पलीकडची मैत्रीण डोळे पुसत हसत होती. मग दोघींचा कशावरून तरी वाद झाला. मावशी ठासून काहीतरी सांगत होती, मध्येच हात आडवा करून मैत्रिणीला थांबवत होती. खोलीत आवाज नव्हता आणि तरी इतकी बडबड त्या खोलीत मी कधी अनुभवली नव्हती. माझी शांत मावशी मुळात बडबडी होती, आणि ते मला तिशी ओलांडल्यावर कळत होतं.

थोड्या वेळाने चित्र फुटायला लागलं. मैत्रिणीची बोटं एकमेकांत मिसळली, मग एक हात कपाळाशी तसाच थांबला. मावशीने वाट पाहिली, पुन्हा विचारलं, आणि घाबरून माझ्याकडे वळली. तिला वाटलं होतं, मैत्रिणीला काही झालं. मी फोन घेतला. वर मेसेज होता, आजचा डेटा संपला, आता वेग कमी. ग्रुपवरचे सगळे व्हिडिओ सकाळपासून आपोआप उतरत होते, त्यातच निम्मा गेला होता. माझ्या हिशोबाची मला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी स्टेशनजवळच्या मोबाइलच्या दुकानात गेलो. दुकानदाराने तीन कंपन्यांचे पॅक समोर ठेवले आणि प्रत्येकाची सुरुवात एकाच गोष्टीने केली, अनलिमिटेड कॉल्स. मी म्हटलं, हिला कॉल्स नकोत, ते वगळून स्वस्त काही आहे का? असं वेगळं काढता येत नाही, कॉल्स फुकटच समजा, असं तो म्हणाला. मी हे मावशीला फोनवर लिहून दाखवलं तेव्हा ती पोट धरून हसली. आपले कॉल्स आईला द्या, अशी खूण तिने केली.

कुठलं सिम घ्यायचं ते मात्र तिने दुकानात ठरवू दिलं नाही. घरी येऊन तिने शेजाऱ्यांचे वेगवेगळ्या कंपन्यांचे फोन मागितले, त्यांच्या हॉटस्पॉटवर अकोल्याला दहा-दहा मिनिटं बोलून पाहिलं, आणि दर वेळी आधीचा आणि नंतरचा डेटा माझ्याकडून कागदावर लिहून घेतला. ‘फाइव्ह जी’ वगैरे शब्दांशी तिला देणंघेणं नव्हतं. मैत्रिणीची पाचही बोटं सुटी दिसतात का, आणि आपली तिला दिसतात का, एवढंच ती बघत होती. ही दुसरी बाजू माझ्या डोक्यातच आली नव्हती. एका सिमवर मैत्रीण लख्ख दिसायची, पण मावशीचे हात तिकडे अडकत पोचायचे. ते बाद झालं.

मग राहिला प्रश्न रोजच्या दोन जीबीचा की महिन्याच्या एकरकमी डेटाचा. मी बोटांवर गणित करत होते. मावशीने मोरीकडे हात केला. आधी नळ दाखवला, मग पिंप. नळ रोज ठरावीक येतो, न वापरलेलं पाणी उद्या मिळत नाही. पिंपातलं हवं तेव्हा काढता येतं. मैत्रिणीला घरकामातून सवड मिळते ती रविवारीच, सून घरी असते तेव्हा. म्हणून पिंप. मी तिला डेटा शिकवायला बसले होते, आणि तिने तो माझ्याआधी समजून घेतला होता.

पिंपाचं सिम घेतलं, ग्रुपचे व्हिडिओ आपोआप उतरणं बंद केलं. पुढच्या रविवारी दोघी पावणेतीन तास बोलल्या. आई दोनदा चहा ठेवून गेली, दोन्ही कप गार झाले.

कॉल संपत आला तेव्हा मैत्रीण माझ्याकडे बघून हसली आणि तिने उजवी भुवई बोटाने दोनदा उडवली. मला कळेना. मावशीने कागदावर लिहून मला समजावलं. वसतिगृहाच्या रीतीप्रमाणे ओळखीच्या प्रत्येक माणसाला खुणेचं नाव असतं. मी लहानपणी विचार करताना एक भुवई उचलायचे, म्हणून तेव्हाच तिने माझं हे नाव ठेवलं होतं, आणि आता ते मैत्रिणीला सांगितलं होतं.

“मग मला कधी सांगितलं नाहीस?” मी खुणेने विचारलं, जमेल तसं.

मावशीने त्याच कागदावर सरळ उत्तर दिलं. ते नाव वापरायला घरात दुसरं कुणी नव्हतं.

मी तिच्यासमोर बसून बोटाने भुवई दोनदा उडवली. चुकली. तिने माझं बोट धरून नीट जागेवर नेलं आणि पुन्हा कर म्हणाली.