शिकवलेलं वाक्य
बसमध्ये शेजारच्या बाईच्या पदराला तंबाखूचा वास आला, की मला कुंभारी गावातली ती दुपार आठवते. विड्या वळणाऱ्या बायका आमच्या समुपदेशन केंद्रावर यायच्या, नवऱ्याची मारझोड सांगायच्या, आणि त्यांचं ऐकून घेणं हे आमचं काम होतं. मला ते शिकवलं आमच्या ताईंनी. त्या वीस वर्षं ऐकत आल्या होत्या. त्या दुपारी डोक्यावरचा पत्रा नुसता तापला होता, बाहेर तिघी मांडीवर सूप घेऊन विड्या वळत थांबल्या होत्या. ताईंनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि एकदम म्हणाल्या, "मला आता कुणाचंच ऐकवत न्हाय गं. घरी गेले की भिंतीकडं बघत बसते." मी घाबरले, आणि त्यांनीच शिकवलेलं वाक्य माझ्या तोंडातून निघालं, "तुम्हाला किती जड जात असेल, मी समजू शकते."  ताई धडा ऐकून घेतल्यासारखी मान हलवून म्हणाल्या, "बरोबर म्हणलीस," आणि दाराकडं वळून त्यांनी पुढच्या बाईला हाक मारली. महिन्याभरात त्यांनी काम सोडलं. आता नव्या मुलींना ते वाक्य मीच शिकवते, कारण त्या दुपारी काय म्हणायला हवं होतं, ते मला अजून सुचलेलं नाही.